पुण्यात पाणी किती अंशाला उकळतं? नववीच्या प्रयोगशाळेच्या नोंदी

१३ नोव्हेंबर २०२४

प्रकल्पाला परवानगी मिळाली. मुख्याध्यापिका बाईंच्या अटी दोनच: अभ्यासक्रम मागे पडता कामा नये आणि प्रयोगवह्या वेळेत तपासून झाल्या पाहिजेत. दोन्ही रास्त आहेत.

आखणी आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर सोयीप्रमाणे बदलली जाणार नाही. नववीच्या दोन तुकड्या माझ्याकडे आहेत, अ आणि ब. दोघींना प्रयोग तेच, साहित्य तेच, जोडतासही तितकेच. फरक फक्त पद्धतीचा. अ तुकडीत आपली नेहमीची पद्धत. फळ्यावर उद्देश, साहित्य, आकृती, कृती. आधी मी टेबलावर प्रयोग करून दाखवायचा, मग मुलांनी गटागटाने त्याच पायऱ्यांनी करायचा आणि वहीत निरीक्षण व अनुमान उतरवायचं. ब तुकडीत फळ्यावर फक्त एक प्रश्न. साहित्य समोर मांडलेलं असेल, कृती गटाने ठरवायची, काय मोजायचं आणि किती वेळा मोजायचं तेही त्यांनीच. नाताळानंतर तुकड्यांची अदलाबदल करायची. नाहीतर शेवटी कोणीही म्हणेल की ब ची मुलं मुळातच चळवळी होती.

हे करावंसं का वाटलं तेही नोंदवते. दहावीला विज्ञानाच्या शंभरांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाकडे जातात. मुलं त्यांना हक्काचे गुण म्हणतात, आणि ते मिळवायला प्रयोग कळावा लागत नाही, वही पूर्ण असली की भागतं. मला दरवर्षी शंभर नीटनेटक्या वह्या मिळतात. त्यांत चुकलेला प्रयोग एकही नसतो. खऱ्या प्रयोगशाळेत असं कधी होत नाही.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. शिक्षकखोली निम्मी रिकामी, बरेच जण ड्यूटीवर. या आठवड्यात तास होणार नाहीत, म्हणून वाचन.

‘करून शिकणं विरुद्ध ऐकून शिकणं’ या वादातला सगळ्यात जास्त उल्लेखला जाणारा आकडा रिचर्ड हेक यांचा. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे गुण एकत्र केले. भौतिकशास्त्रातल्या यांत्रिकीच्या (बल, गती) संकल्पनांची तीच चाचणी शिकवण्याआधी आणि नंतर घेतली, तर पारंपरिक वर्गांनी शक्य त्या सुधारणेपैकी सरासरी २३ टक्के सुधारणा केली आणि मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. दुपटीहून जास्त. मात्र ही तुलना संपूर्ण अभ्यासक्रमांची आहे, नुसत्या प्रयोगशाळेची नाही. प्रयोगशाळेबद्दल वाचलं तर चित्र बरंच अवघड आहे.

अब्राहम्स आणि मिलर यांनी इंग्लंडमधले २५ प्रात्यक्षिकाचे तास प्रत्यक्ष बसून पाहिले (२००८). मुलांकडून वस्तूंवर क्रिया करून घेण्यात शिक्षक चांगलेच यशस्वी होत होते. त्या क्रियेमागची कल्पना मुलांच्या डोक्यात उतरावी, यासाठी मात्र तासात फारसं काही केलेलंच नव्हतं. नताशा होम्स आणि कार्ल वीमन यांचं काम २०१८ चं. वीमन म्हणजे २००१ चे भौतिकशास्त्रातले नोबेल मानकरी. व्याख्यानात शिकवलेलंच पक्कं व्हावं म्हणून ठेवलेल्या प्रयोगशाळेचा परीक्षेतल्या कामगिरीला मोजता येईल असा काहीच फायदा होत नाही, असं त्यांना अमेरिकेतल्या तीन संस्थांत आढळलं. त्या मुलांनी तर उपकरणं स्वतःच्या हातांनी हाताळली होती.

तेव्हा नुसते हात लागले म्हणजे काम झालं, असं धरून चालता येणार नाही. पुढच्या नोंदींत ‘हात लागले’ आणि ‘ठरवलं कोणी’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहीत जाईन.

२५ नोव्हेंबर. तुकडी अ, नेहमीची पद्धत

पहिला प्रयोग पाण्याच्या उत्कलनांकाचा. तो मुद्दाम निवडला, कारण उत्तर प्रत्येकाला लहानपणापासून पाठ आहे.

तिवई, जाळी, चंचुपात्र, स्टँडला लटकवलेली तापमापी. मी करून दाखवला आणि किती रीडिंग आलं ते बोलले नाही. मग गट कामाला लागले. शिस्त उत्तम, एकही काच फुटली नाही, तास संपायच्या आत वह्या लिहून झाल्या.

वह्या घरी आणून पाहिल्या. जवळपास सगळ्यांनी १०० अंश सेल्सिअस लिहिलं आहे. तापमापी मी स्वतः वाकून पाहिली होती, ती ९८ च्या रेघेवर थांबली होती. एका वहीत तर ९८ लिहून खोडलेलं स्पष्ट दिसतं, त्यावर १०० गिरवलं आहे. हा मुलगा खोटारडा नाही. त्याने डोळ्यांनी पाहिलं, बरोबर पाहिलं, आणि मग छापलेल्या आकड्यापुढे स्वतःचे डोळे मागे घेतले. त्या खोडरबराच्या खुणेने मला फार वाईट वाटलं. प्रयोगशाळा असते ती नेमकी याच्या उलट सवय लागावी म्हणून.

इथे हात सगळ्यांचेच लागले होते, हेही नोंदवून ठेवते.

२७ नोव्हेंबर. तुकडी ब, प्रश्नाची पद्धत

फळ्यावर: ‘आपल्या प्रयोगशाळेत पाणी किती अंशाला उकळतं? तुमच्या आकड्यावर दुसऱ्या गटाचा विश्वास बसेल असं दाखवा.’

पहिली दहा-पंधरा मिनिटं गोंधळ. ‘बाई, १००, त्यात काय करायचं?’ मी एवढंच म्हटलं की दुसऱ्या वाक्याकडे लक्ष द्या. मग वाद सुरू झाले, आणि ते चांगल्या जागी सुरू झाले. पाणी उकळलं असं कधी म्हणायचं? तळाशी बारीक बुडबुडे येतात तेव्हा, की सगळं पाणी खळखळतं तेव्हा? (पहिले बुडबुडे बहुतांशी विरघळलेल्या हवेचे असतात. हे त्यांना मी सांगितलं नाही, पण पारा चढतच राहतो हे एका गटाच्या लक्षात आलं.) तापमापीचा फुगा तळाला टेकला तर आकडा वेगळा येतो, हे दुसऱ्या गटाने पाहिलं आणि शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं. रेघ वाचताना डोळा कुठे ठेवायचा यावर भांडण झालं.

सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडले. बरेचसे ९८, एक ९७.५, एक ९९.५. शंभर कोणाचाच नाही. वर्ग एकदम गप्प झाला, आणि मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘तापमाप्या खराब आहेत.’

शंका अगदी योग्य. मी विचारलं, तापमापी खराब आहे हे कसं तपासाल? उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. जिथे आकडा नक्की माहीत आहे अशा ठिकाणी ती ठेवून बघायची. वितळणारा बर्फ. प्रयोगशाळेत मदतीला असणाऱ्या काकांनी समोरच्या उसाच्या गुऱ्हाळातून बर्फ आणून दिला. बहुतेक तापमाप्या शून्यावर. एक दीड अंश वर दाखवत होती, आणि ९९.५ ती हीच. दीड वजा केल्यावर तिचेही ९८ झाले. वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

तास संपला, वह्या कोऱ्या राहिल्या. अ तुकडीच्या मानाने ब एक तासिका मागे.

२९ नोव्हेंबर. तुकडी ब, पुढे चालू

आजचा प्रश्न त्यांचाच: ९८ का?

पहिला संशय नळाच्या पाण्यावर, ‘पाणी शुद्ध नाही.’ मग बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणून तेच केलं. तरी ९८. एका गटाला आणखी खात्री हवी होती, त्यांनी साध्या पाण्यात मीठ घातलं. आकडा खाली जायच्या ऐवजी वर सरकला. लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळलं तर उत्कलनांक साधारण एका अंशाने वाढतो. म्हणजे अशुद्धीमुळे शंभराच्या वर गेलं असतं, खाली आलं नसतं. हा धागा मुलांनी स्वतः ओढून काढला, मला फक्त मिठाचं वजन करायला सांगावं लागलं.

मग हवा. प्रेशर कुकरवरून कोणीतरी म्हणालं की दाब वाढला तर पाणी जास्त तापतं, मग दाब कमी असेल तर? तो कमी आहे का ते बघायला मी माझा फोन पुढे केला. हवामानाच्या पानावर दाब १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीइतकाच. वर्ग हिरमुसला.

इथे मी शिकवलं, उघडपणे शिकवलं, कारण ही गोष्ट मुलं स्वतः शोधून काढू शकत नाहीत. हवामानाच्या नकाशासाठी सगळ्या गावांचा दाब समुद्रसपाटीच्या पातळीवर आणून सांगतात, म्हणजे उंचीमुळे पडणारा फरक काढून टाकलेला असतो. तसं केलं नाही तर नकाशावर प्रत्येक डोंगर कमी दाबाचं क्षेत्र दिसेल. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथला प्रत्यक्ष दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. त्या दाबाला पाणी ९८ अंशांच्या जरा वर उकळतं, कारण पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की उकळी फुटते. काही फोनमध्ये दाब मोजणारा संवेदक असतो, तो थेट खोलीतला दाब दाखवतो. एका मुलाने संध्याकाळी वडिलांच्या फोनवर आकडा पाहून मला पाठवला: ९५१.

शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचं नाव मुलांनी बसथांबा म्हणूनच ऐकलेलं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून हे नाव. दाब मोजण्याचं काम आपल्याच गावात कधीपासून चालू आहे, हे सांगताना मला स्वतःला फार आनंद झाला.

तास संपताना मागच्या बाकावरून: ‘बाई, मग सिंहगडावर?’

८ डिसेंबर, रविवार

सिंहगड. पालकांची लेखी संमती घेतली. दोन्ही तुकड्यांतली ज्यांना यायचं होतं ती मुलं आली, शाळेचा कार्यक्रम म्हणून नाही. स्वारगेटहून पीएमपीची बस, आतकरवाडीतून पायी वर. तापमाप्या मोज्यांत गुंडाळून डब्यात, सगळ्या आदल्या दिवशी बर्फात तपासलेल्या.

शेगडी नेली नव्हती. गडावर पिठलं-भाकरी करणाऱ्या एका मावशींना विचारलं. चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं. म्हणाल्या, ‘घ्या की बघून, पण साखर टाकायच्या आत बघा.’ चढायच्या आधी प्रत्येक गटाने आपला अंदाज वहीत लिहून ठेवला होता. साधारण ३०० मीटरला एक अंश हा हिशेब त्यांना माहीत होता, गडाची उंची सुमारे १,३१२ मीटर. अंदाज ९५ ते ९६.

आकडा ९५ आणि ९६ च्या मधोमध आला.

अ तुकडीतली मुलंही होती. त्यातला एक जण, ज्याच्या वहीत खाडाखोड होती तोच, खाली उतरताना मला म्हणाला, ‘बाई, माझंपण ९८ आलेलं.’ मी म्हटलं, वही सोमवारी आण, आणि लिही.

मावशींचं निरीक्षण वेगळंच होतं आणि अचूक होतं. गडावर डाळ शिजायला गावापेक्षा वेळ लागतो, म्हणून त्या डाळ कुकरला लावतात.

१२ डिसेंबर. लंबक, दोन्ही तुकड्या

प्रश्न: झोक्याचा वेळ कशाकशावर अवलंबून?

अ तुकडीला तक्ता आखून दिला. आधी लांबी तीच ठेवून वस्तुमान बदला, मग वस्तुमान तेच ठेवून लांबी बदला. सगळ्यांचं उत्तर बरोबर, वेळेत.

ब तुकडीत खुल्या पद्धतीचा दुबळेपणा आज स्वच्छ दिसला. बहुतेक गटांनी एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या. लांब दोरीला जड नट, आखूड दोरीला गोटी, आणि निष्कर्ष ‘जड असेल तर हळू.’ त्यांना मनापासून खात्री होती. स्वतः करून चुकीचं शिकणं हे ऐकून चुकीचं शिकण्यापेक्षा जास्त चिवट असतं, कारण त्याला डोळ्यांची साक्ष असते.

क्लार आणि निगम यांचा २००४ चा प्रयोग नेमका याच मुद्द्यावर आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडायला दिले. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे ज्यांना उदाहरणांनी समजावून सांगितलं, त्यांतली ७७ टक्के मुलं ते कौशल्य शिकली. ज्यांना नुसतं मोकळं सोडलं, त्यांतली २३ टक्के. आणि मोकळेपणात शिकलेली मुलं पुढच्या कामात शिकवलेल्यांपेक्षा सरस ठरली, असंही झालं नाही.

म्हणून मी थांबवलं. फळ्यावर दोन गटांचे आकडे मांडले आणि सरळ शिकवलं: दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा ते कळणार नाही. दहा मिनिटं लागली. मग परत पाठवलं.

दुसऱ्या फेरीत एक गट हट्टाने म्हणत राहिला की दोरी तेवढीच ठेवूनही मोठा नट हळू जातो. त्यांची रीडिंग प्रामाणिक होती: २० आंदोलनांना गोटीने ४०.१ सेकंद, नटाने ४०.७. मी काही बोलले नाही. शेजारच्या गटातल्या मुलीने पट्टी लावून दाखवलं की नट मोठा असल्याने त्याचा मध्य गोटीपेक्षा तीनेक सेंटीमीटर खाली येतो. लांबी दोरीची धरायची नसते, मध्यापर्यंत धरायची असते. दोरी तेवढी आखडली आणि फरक गेला. अ तुकडीत हा प्रश्न निघालाच नाही, कारण तक्त्यात त्याला जागा नव्हती.

२० डिसेंबर

एका सहकारी शिक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘पन्नास मुलं, चाळीस मिनिटं, हे दहावीला करणार आहात का?’ प्रश्न खरा आहे. ब तुकडी आता दोन तासिका मागे. साहित्य जास्त लागलं, स्पिरिट संपलं, दोन चंचुपात्रं फुटली. काकांना दोन्हीकडे धावावं लागलं, आणि त्यांच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

हेही खरं की पुण्यात याला जमीन आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेटी, सायकलची ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान उभं केलं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हाताच्या कामातूनच शिक्षण दिलं. साहित्य महाग असतं ही सबब त्यामुळे मला पटत नाही. वेळेची अडचण मात्र खरी आहे.

९ जानेवारी २०२५. अदलाबदल

आजपासून अ ला प्रश्न, ब ला पायऱ्या. विषय ओहमचा नियम.

ब: नायक्रोमची तार, ठरलेली कृती, आलेख सरळ रेषा. वेळेत संपलं.

अ: साहित्यात तारेबरोबर टॉर्चचा बल्बही ठेवला होता. फळ्यावर: ‘दोन्हींना ओहमचा नियम लागू होतो का?’ बल्बचा आलेख वाकतो. तंतू थंड असताना त्याचा रोध एक-दीड ओहम, पूर्ण पेटल्यावर सात-आठ, कारण टंगस्टन तापलं की रोध वाढतो. एका गटाने वाकलेल्या बिंदूंमधून पट्टीने सरळ रेषा ओढली. दुसऱ्या गटाने ती मान्य केली नाही. ‘तुमची रेघ एकाही बिंदूवरून जात नाही.’ अर्धा तास यावरच गेला. शेवटी रेघ पुसली गेली आणि बल्ब हाताला गरम लागतो, हे कारण त्यांनीच पुढे आणलं.

पण मुलं अस्वस्थ होती. ‘बाई, बरोबर उत्तर सांगा ना.’ एक हुशार मुलगी रडवेली झाली, तिला वाटलं आज काही शिकलोच नाही. हार्वर्डमध्ये हेच मोजलं गेलं (२०१९ मधला अभ्यास). सक्रिय पद्धतीच्या वर्गात विद्यार्थी चाचणीत जास्त शिकलेले निघाले, पण त्यांना स्वतःला आपण कमी शिकलो असं वाटत होतं. ऐकताना सगळं सुरळीत जातं आणि ती सुरळीतता समजुतीसारखी भासते. पुढच्या वेळी हे मुलांना आधीच सांगायला हवं.

१६ जानेवारी

ब च्या वह्या आज तपासल्या. या नोंदींतलं सगळ्यात महत्त्वाचं बहुधा हेच आहे.

नोव्हेंबरमध्ये याच मुलांनी तापमापीवर संशय घेतला, बर्फ मागवला, गडावर गेली. गेल्या आठवड्यात त्यांना पायऱ्या दिल्या आणि त्यांनी पायऱ्या भरल्या. एका गटाचा अ‍ॅमीटर शून्यावर नव्हता, काटा थोडा पुढे होता. आकड्यांतून ते दिसतं. अनुमान मात्र ‘ओहमचा नियम सिद्ध झाला.’ फक्त एकाच वहीत समासात लिहिलेलं आढळलं: ‘काटा आधीच पुढे होता, वजा केलं.’

आणि अ, जी नोव्हेंबरमध्ये १०० गिरवत होती, ती आता रेघेवरून भांडते आहे.

म्हणजे चौकसपणा मुलाच्या अंगात मुरला आणि कायमचा राहिला, असं झालं नाही. मुलं वहीला जे हवं तेच देतात. वहीत ‘अनुमान’ या शब्दापुढे एकच ओळ असेल आणि तिथे काय यायचं ते आधी छापलेलं असेल, तर ९८ पाहिलेला डोळाही १०० लिहितो. हात लागले की नाही, यापेक्षा उत्तर आधी ठरलेलं होतं की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

२९ जानेवारी

गावात जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) भीती आहे. सिंहगड रोड, तिथलं नांदेड गाव, किरकटवाडीकडचे रुग्ण, पाणी उकळून प्या अशी सूचना. आमची काही मुलं त्याच भागातून येतात, एकाच्या शेजारीच रुग्ण आहे. वर्गात आज धडा नव्हता, हाच विषय होता.

‘बाई, आपल्याकडे पाणी ९८ लाच उकळतं. मग जंतू मरतात का?’

ब मधून आला हा प्रश्न, आणि मधल्या सुट्टीत अ मधल्या दोघींनी येऊन तोच विचारला. याहून चांगला प्रश्न मला या वर्षात कोणी विचारलेला नाही. उत्तर स्पष्ट आणि लगेच दिलं. मरतात. पाण्यातून पसरणारे रोगजंतू याहून बऱ्याच कमी तापमानाला मरतात, ९८ पुरेसं आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवायचं. दोन हजार मीटरहून उंच गावात तीन मिनिटं सांगतात. आपण तेवढे उंच नाही, सिंहगडही नाही. उकळलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि हात न घालता ओतून घ्यायचं. बारीक बुडबुडे आले म्हणजे उकळलं नाही, हे मला सांगावंच लागलं नाही. पाच-सहा जणांनी एकदम सांगितलं.

सगळ्यांनी हे घरी जाऊन सांगायचं, असं ठरलं.

५ फेब्रुवारी

न सांगता चाचणी, दोन्ही तुकड्यांना एकच. पहिल्या भागात आकृतीला नावं, व्याख्या, सूत्रं. दुसऱ्यात न पाहिलेला प्रश्न: ‘एका गटाने पाण्याचा उत्कलनांक मुंबईत ९८, पुण्यात ९८ आणि महाबळेश्वरला ९५.५ असा मोजला. तुम्हाला काय वाटतं?’

पहिल्या भागात प्रत्येक तुकडी त्या त्या प्रयोगात सरस ठरली, जो तिने पायऱ्यांनी केला होता. आकृत्या तर ठळकपणे सरस. हे झाकायचं कारण नाही.

दुसऱ्या भागात अपेक्षेप्रमाणे ब पुढे. उत्कलनांक त्यांनी तपासून पाहिला होता. पण गडावर आलेली अ ची मुलंही त्यांच्याच बरोबरीने होती. ‘मुंबईची तापमापी आधी बर्फात घालून बघीन’ हे उत्तर दोन्ही तुकड्यांत सापडलं. एकाने लिहिलं की पुणे आणि मुंबई दोन्हीकडे तीच तापमापी वापरली का, हे आधी विचारायला हवं. कारण तीच असती तर चूक दोन्हीकडे सारखी आली असती आणि फरक तरी दिसला असता. हे मी शिकवलेलं नव्हतं.

यावरून फार मोठं विधान मी करणार नाही. दोनच तुकड्या, एकच शिक्षिका, आणि शिक्षिकेला निकाल कुठे जावा असं वाटतं हे मुलांनाही कळतं.

१४ फेब्रुवारी

दहावीची प्रात्यक्षिकं चालू आहेत, त्यामुळे बैठक छोटी झाली. मुख्याध्यापिका बाई, विज्ञानाचे सगळे शिक्षक, काका.

मी होशंगाबादचं उदाहरण मांडलं. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांपासून तो विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि तीस वर्षं चालला. मुलं प्रयोग करून शिकत, आणि परीक्षाही त्याला साजेशी होती: पुस्तक जवळ ठेवून लिहायची, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची. शिकवणं बदललं आणि तपासणं तेच ठेवलं तर काय होतं, ते ब च्या जानेवारीतल्या वह्या सांगतात. बोर्डाची परीक्षा आपल्या हातात नाही. पण आठवी-नववीची प्रयोगवही आपल्याच हातात आहे.

चर्चा लांबली नाही. जून २०२५ पासून असं ठरलं: नववीच्या प्रयोगांपैकी चार प्रश्नाच्या पद्धतीने, प्रत्येकाला दोन जोडतास. बाकीचे नेहमीप्रमाणे पायऱ्यांनी, कारण उपकरण कसं हाताळायचं आणि आकृती कशी काढायची हे पायऱ्यांनीच चांगलं शिकवता येतं. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे जूनमध्येच, या चार प्रयोगांच्या आधी, सरळ शिकवायचं. वहीत अनुमानाच्या वर दोन नवे रकाने: ‘उपकरण कसं तपासलं’ आणि ‘अपेक्षेपेक्षा वेगळं आलं असेल तर काय करून पाहिलं’. गुण या दोन रकान्यांनाही. आकडा पुस्तकाशी जुळला म्हणून गुण नाहीत, जुळला नाही म्हणून कापायचेही नाहीत. सहकाऱ्यांनी दहावीबद्दलची शंका कायम ठेवली आहे. ती नोंदवून घेतली, दिवाळीनंतर वह्या समोर ठेवून पुन्हा बोलू.

नव्या तापमाप्यांची मागणी दिली. येतील तशा प्रत्येकीचं बर्फातलं रीडिंग चिठ्ठीवर लिहून तिच्या डब्याला डकवायचं आहे. ते काम काका आठवीच्या मुलांकडून करून घेणार आहेत.